अर्ध्या मिनिटाची किल्ली

बाबांनी केलेली किल्ली परत आली, तेव्हा मी दुकानातल्या उंच स्टुलावर बसून पाय हलवत होते आणि वर्गातल्या एकीची नक्कल करून दाखवत होते. नक्कल चांगलीच रंगली होती. समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी हातातली किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "लागत नाहीये हो ही. अर्धी फिरते आणि अडते." आवाजात राग नव्हता. दूध नासलंय असं शेजारणीला सांगावं, तसं सांगितलं. पण माझे पाय हलायचे थांबले. मला कळायला लागल्यापासून या काउंटरवरून किल्ल्या फक्त जाताना पाहिल्यात; परत आलेली एकही पाहिली नव्हती. बाबांनी ती उचलली, उजेडाकडे धरली आणि खालच्या ओठावरून हळूच फिरवली.

ही बाबांची पद्धत. किल्ली कापून झाली, तिच्यावर कानस मारून झाली, की ती ओठावरून फिरवायची. बोटांचं कातडं इतक्या वर्षांत जाड होऊन गेलं, ओठ मात्र लहान मुलाचाच राहतो, असं ते म्हणतात. ओठाला कुठे बारीकसं टोचलं की पुन्हा कानस. आई म्हणते, "जगभरच्या दारांचे मुके घेत बसलेत हे." लहानपणी मीही कोऱ्या किल्ल्या तोंडात घालायचे. आंबट, थंड, किंचित रक्तासारखी ती पितळेची चव मला अजून येते. कुणी 'घर' म्हणालं की आधी ती चव येते, मग भिंती वगैरे. तर त्या दिवशी बाबांनी किल्ली ओठावरून फिरवली आणि काही ऐकू न आलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला. पुन्हा फिरवली. मग म्हणाले, "उद्या या, नवी करून ठेवतो. पैसे नकोत." बाई गेल्या. मी नक्कल जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली, कारण थांबले असते तर काहीतरी घडलंय असं नक्की झालं असतं. "रेडिओ," बाबा म्हणाले, "जरा बंद."

रेडिओ म्हणजे मी. घरात मी कायमच रेडिओ होते, शाळेत मात्र गेल्या वर्षापर्यंत माझी बोबडी वळायची. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा घसा खाकरायला लागायचा. यंदा काय झालं कुणास ठाऊक, एक दिवस हात वर केला आणि तो खाली आलाच नाही. आयत्या वेळच्या भाषणात माझ्या चिठ्ठीत 'छत्री' आली, आणि छत्रीवर मी असं काही बोलले की परीक्षकांपैकी एक गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. हसून की रडून, ते मी विचारलं नाही. बक्षिसाचा कप अजून माझ्या दप्तरात असतो. घरी ठेवायला जागा आहे, पण दप्तरात तो वह्यांवर आपटून खडखडतो आणि चालताना मला तो आवाज आवडतो. तो आवाज आवडायचा, असं आता म्हणायला हवं. कारण 'जरा बंद' म्हणून बाबांनी किल्ल्या कापायच्या मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगलेलं ते करडं यंत्र काढून तळहातावर घेतलं, आणि मला दिसलं की ते त्याच्याकडे बघत नाहीत. मेलेल्या पाखराकडे बघतात तसं त्याच्या आजूबाजूला बघतायत.

ते यंत्र आमच्या घरात आलं एका घामाघूम माणसामुळे. मागच्या वर्षी तो दार ओढून बसला होता, किल्ली आत आणि हा बाहेर. बाबा गेले, सोबत हत्यारांची पिशवी धरायला मी. दार उघडेपर्यंत तो माणूस हातातल्या दुसऱ्या जुडग्याशी चाळा करत होता आणि त्या जुडग्यात, किल्ल्यांच्या मधोमध, खोडरबराएवढं काहीतरी लटकत होतं. त्यावर सहा आकडे, बाजूला बारीक रेघा. एकेक रेघ विझत गेली, शेवटची विझली आणि आकडे बदलले. बाबांचा हात कुलपातच थांबला. "ही कुठल्या कुलपाची?" त्यांनी विचारलं. तो माणूस हसला. "ऑफिसच्या कॉम्प्युटरची. आधी पासवर्ड टाकायचा, मग हा नंबर. दर अर्ध्या मिनिटाला नवा येतो, जुना मेला. टोकन म्हणतात याला." बाबांनी ते मागून घेतलं, उलटसुलट केलं आणि, माझी शपथ, ओठावरून फिरवलं. त्या माणसाला काय वाटलं असेल ते असो. येताना रस्त्यात बाबा एकदाच म्हणाले, "स्वतःच स्वतःला कापते. दर अर्ध्या मिनिटाला नव्यानं."

आई दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. आलेल्याला नंबर द्यायचा आणि पाळी आली की तो नंबर मोठ्यानं पुकारायचा, हे तिचं काम. रात्री जेवताना बाबांनी टोकनाची महती सांगितली तेव्हा ती म्हणाली, "टोकन? ते मी दिवसभर वाटते. मला कुणी आश्चर्यानं बघत नाही." बाबा म्हणाले, "तुझ्या टोकनावर दात पडतात. ह्या किल्लीला दातच नाहीत." आम्ही तिघंही खूप हसलो. मला त्या हसण्यातला आईचा हात आठवतो, तोंडावर धरलेला, बोटांना वरणाचा पिवळा डाग. असं काहीही आठवतं. आठवण्यासारखं काय आहे हे त्या वेळी कुणी सांगत नाही, म्हणून डाग आठवतात.

मग बाबांनी त्या कंपनीचे शेअर घ्यायला सुरुवात केली. जी ही यंत्रं बनवते तिचे, आणि दुसरी एक जी तोच बदलता नंबर फोनवर दाखवायची सोय करते तिचेही. "नव्या इमारतींना आता आकडे दाबायची कुलपं येतात," ते म्हणायचे. "आपला धंदा बुडवणारा कोण ते कळलंय ना, मग त्याच्याच होडीत बसावं." त्यांचा हिशेब साधा होता. पूर्वी माणसाला दारं दोन, घराचं आणि कपाटाचं. आता माणूस जागचा न हलता दिवसभरात किती दारं उघडतो, बँकेचं, ऑफिसचं, विजेच्या बिलाचं. जितकी दारं तितक्या किल्ल्या, आणि त्या करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला हे पटलं होतं, अजूनही पटतं. त्यांचा हिशेब चुकला नाही हेच तर सगळ्यात वाईट आहे. आधी बाजूला ठेवलेले पैसे गेले, मग दुकानाचा आतला अर्धा भाग शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विकून ते पैसे गेले. मध्ये प्लायवुडची भिंत आली. तेव्हापासून मशीन आणि स्टूल एकमेकांना चिकटून आहेत, आणि भिंतीपलीकडून झेरॉक्सचा उजेड फटीतून सरकत जातो, हिरवट, जणू कुणी पलीकडून सतत आपला फोटो काढतंय. शेअरच्या खात्यासाठी ब्रोकरच्या ऑफिसनं बाबांना त्यांचं स्वतःचं टोकन दिलं. त्याच कंपनीचं. बाबांनी त्यासाठी वेगळा खिळा ठोकला.

"रेडिओ," किल्ली परत आली त्या संध्याकाळी ते म्हणाले, "साबणाचा नियम सांग."

मी पाठ म्हणून दाखवला. साबणाच्या वडीवर उठवलेला छाप घेऊन कुणी आलं तर किल्ली करून द्यायची नाही. ज्याची किल्ली असते तो किल्ली आणतो. साबण आणतो त्याचा दुसऱ्याच्या दारावर डोळा असतो.

"बरोबर," बाबा म्हणाले. "मी साबण दिला."

"कुणाला?"

"फोनवर होता. कंपनीतून बोलतोय म्हणाला. सर म्हणाला मला. सर, तुम्ही आमचे भागधारक, तुमच्याकडचं टोकन असली आहे का तेवढं बघायचंय, नंबर वाचता का. वाचला. म्हणाला, आता बदलला असेल, पुन्हा वाचा. वाचला." त्यांनी यंत्र काउंटरवर ठेवलं, त्या परत आलेल्या किल्लीशेजारी. "मला वाटलं, अर्ध्या मिनिटात मरणारी किल्ली. कुणाला सांगितली तर काय बिघडतंय. इतकी वर्षं लोकांच्या किल्ल्या हातात आल्या, एकीचा छाप ठेवला नाही मी, कारण ती उद्याही चालणार असते. ही उद्या चालणारच नव्हती."

"मग?"

"दार उघडायला कितीसा वेळ लागतो गं," बाबा म्हणाले. "मलाच माहीत असायला हवं होतं."

पासवर्ड त्या माणसानं आधीच कुठून तरी मिळवला होता, नंबर तेवढा हवा होता. सगळे शेअर विकले गेले होते आणि पैसे कुणा तिसऱ्याच्याच खात्यातून पुढे निघून गेले होते. मी हे ऐकत होते आणि डोक्यात मात्र दुसरंच उघडत होतं. तो दिवस मला माहीत होता. मी तिथेच होते. माझी स्पर्धेसाठी निवड झाली होती, ती बातमी सांगायला मी शाळेतून पळत आले होते, श्वास लागला होता, आणि बाबांनी फोन कानाला धरून दुसऱ्या हाताचा पंजा मला दाखवला होता, थांब. पितळ पुरवणाऱ्याला कोऱ्या किल्ल्यांचे नंबर सांगतात त्या खणखणीत आवाजात ते वाचत होते, चार, चार, नऊ, एक. चेहऱ्यावर काय आनंद होता. मला वाटलं होतं, मोठी ऑर्डर दिसतेय. फोन ठेवून त्यांनी माझी बातमी ऐकली आणि दोन्ही हातांनी माझे गाल धरले. तळव्यांना पितळेचा वास होता. त्या वासात, त्या अर्ध्या मिनिटात, माझे गाल त्यांच्या हातात असताना, कुठेतरी कुणीतरी आमचं दार उघडून आत शिरत होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस मला आता पुन्हा आठवता येत नाही. आठवायला लागले की आकडे ऐकू येतात.

"आईला बोलू नकोस," बाबा म्हणाले. "मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी शाळेचा गणवेश न बदलता मी त्यांच्याबरोबर ब्रोकरच्या ऑफिसात गेले. पोलिसांनी आधीच 'बघतो' म्हणून सांगितलं होतं. काचेच्या टेबलामागे एक तरुण मुलगा होता, टायची गाठ जरा जास्तच आवळलेली. त्यानं पडद्यावर वरखाली करून पाहिलं आणि खरोखर वाईट वाटून म्हणाला, "सर, यंत्रानं काम चोख केलंय. कुलूप फुटलेलं नाही. तुम्ही दार उघडून दिलंत." मला वाटलं बाबा चिडतील. त्यांनी मान डोलावली, एखाद्या हुशार शिकाऊ पोरानं बरोबर उत्तर दिल्यासारखी. मग आम्ही बाहेर जिना उतरू लागलो. "चांगला माल आहे," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं, चांगला माल आहे."

आणि शेअर वाढत होता. हे मी रचून सांगत नाहीये. अशा चोऱ्या जागोजागी व्हायला लागल्या तशी लोकांना आणखी पक्क्या किल्ल्या हव्याशा वाटायला लागल्या, आणि कंपनीचा भाव चढत गेला. रोज संध्याकाळी आई चप्पल काढता काढता विचारायची, "काय म्हणतोय तुमचा शेअर?" आणि बाबा म्हणायचे, "आज वाढला." खोटं एक अक्षर नाही. ते रोज मन लावून भाव बघायचे, आपल्या नसलेल्या मुलाची प्रगती बघावी तसा. मला कधी कधी वाटायचं, त्यांना खरंच बरं वाटतंय. त्यांनी ओळखलेलं बरोबर निघालं होतं. फक्त ते आत नव्हते.

आमचं घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. मालकीणबाई निवृत्त नर्स, वरच्या मजल्यावर राहतात. त्या मुलीकडे कायमच्या जायला निघाल्या होत्या आणि खालच्या दोन खोल्या विकायच्या ठरवल्या होत्या. "आधी तुम्हाला विचारते," त्या आईला जिन्यात म्हणाल्या. "तुम्ही घेतलंत तर ठीक, नाहीतर बाहेर सांगते. रविवारी वर या दोघं, टोकन द्या, चहा घ्या, झालं." आई घरात आली ती पाय जमिनीला न लागता. तिनं त्याच संध्याकाळी शिवणाची टेप काढून खिडक्या मोजल्या. ही भिंत पाडायची, इथे रेडिओला टेबल, इथे कपाट. इतकी वर्षं त्याच भिंतींकडे ती बघत आली होती, पण आता तिनं हात लावला तर भिंतींनाही लाज वाटल्यासारखं झालं. "अहो, आता विका की ते," ती म्हणाली. "रोज वाढलेत म्हणता." बाबा म्हणाले, "विकू." "विकू म्हणजे कधी?" "बघतो." "टोकनापुरते तरी. टोकनाचा तुम्हाला एवढा लळा, आता एकदाचं देऊन टाका कुणाला तरी." आणि ती स्वतःच्याच विनोदावर हसली, तोंडावर हात धरून. तेव्हा मला वाटलं, आत्ता. आत्ता सांगतील. बाबांनी उठून दाराची कडी तपासली. बसले. पुन्हा उठून तपासली.

मी बोलत सुटले. त्या दिवसांत मी आयुष्यात बोलले नसेन इतकं बोलले. शाळेतल्या कावळ्यापासून मुख्याध्यापकांच्या बुटांपर्यंत काहीही. रेडिओ मोठ्यानं लावला की शेजारच्या खोलीतलं ऐकू येत नाही, तसं. आईनं बाबांकडे वळून काही विचारायच्या आत मी दुसरी बातमी लावायचे. शाळेत पुढच्या फेरीसाठी बाई माझी तयारी करून घेत होत्या, आणि मला भीती होती की व्यासपीठावर माझा घसा पुन्हा बंद होईल. तसं काही झालं नाही. शब्द आले, टाळ्या आल्या, मी हात हलवत हसत होते आणि आतून स्वतःला बघत होते. इतकं मोठं काहीतरी तोंडात धरूनही माणसाला इतकं छान बोलता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पितळेची चव यायची. पाणी प्यायलं तरी जायची नाही.

दुकानात आणखी किल्ल्या परत आल्या. एका म्हाताऱ्यांनी तर किल्ली खिशातून काढली, बाबांकडे बघितलं आणि "राहू द्या" म्हणून निघून गेले. बाबा किल्ली ओठावरून फिरवायचे, पण आता डोळे मिटून, आणि मी बघत असले की घाईघाईनं. शुक्रवारी मी विचारलं, "आज सांगणार?" म्हणाले, "आज नको, तिची दाढ दुखतेय." दातांच्या दवाखान्यात बसणाऱ्या बाईची दाढ. एरवी यावर आम्ही आठवडाभर हसलो असतो. शनिवारी मी काही विचारलं नाही. त्यांनीच माझ्याकडे बघून मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही माहीत नसावं. मी मनात वाक्य तयार केलं होतं, 'आई, शेअर गेले', एवढंच. छत्रीवर तासभर बोलू शकणारी मी, तीन शब्द. पण ते माझे नव्हते, दुसऱ्याच्या किल्लीसारखे हातात आले होते, आणि दुसऱ्याच्या किल्लीचं काय करायचं नाही हे मला पाठ होतं.

रविवारी आईनं इस्त्रीची साडी नेसली, बाबांना पांढरा शर्ट घालायला लावला. वर मालकीणबाईंच्या खोलीत सगळं निघण्याच्या तयारीत होतं. पुस्तकं खोक्यात, भिंतीवर फोटो काढल्याचे फिकट चौकोन. काचेच्या टेबलावर चहा आला. मालकीणबाईंनी नळाचं, छपराचं, शेजारच्या भांडखोर माणसाचं सगळं मोकळेपणानं सांगितलं. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, आधीच मालकीण झाल्यासारखी. मी बिस्किट हातात धरून बसले होते, चहात बुडवलेलं, आणि ते कधी गळून पडलं ते मला कळलं नाही. "तर मग," मालकीणबाई म्हणाल्या, "टोकन आणलंत ना?"

बाबांनी शर्टाच्या खिशात हात घातला. आई त्या खिशाकडे बघत होती, पाकीट निघेल, चेक निघेल, अशा नजरेनं, आणि मीही बघत होते, मलाही एक क्षण वाटलं की निघेल. त्यांनी ते करडं यंत्र काढलं आणि काचेवर ठेवलं. खट् असा हलका आवाज झाला. प्लास्टिकचा.

मालकीणबाई हसल्या. "हे काय, खेळणं?"

आईही हसली. "अहो, हे नव्हे ते टोकन. यांचं ना, उठता बसता तेच डोक्यात. अहो, काढा ना."

"एवढंच आहे," बाबा म्हणाले.

आईचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, पाहुणा निघून गेल्यावर मागे सरकवलेल्या खुर्चीसारखं. ती बाबांकडे बघत होती, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे बघून तिला कळलं, कारण रेडिओ बंद होता. तिनं हात पुढे करून ते यंत्र उचललं. डोळ्यांजवळ धरलं. नंबर दिसला की मोठ्यानं वाचायचा, ही तिची दिवसभराची सवय. तिच्या नकळत ओठ हलले.

"सात," आई म्हणाली. "शून्य. तीन."

बाजूच्या रेघा विझत होत्या. त्या दाराआड आता काहीच उरलेलं नाही हे मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं.

"आई," मी म्हणाले, "मोठ्यानं वाचू नकोस."